दगडापलीकडची गिनती

आमच्या गावाच्या शिवेवर, बार्शीच्या बाजूला, रानात एक हद्दीचा दगड आहे. गुडघ्याएवढा उंच, काळा, वरून घासून गुळगुळीत झालेला. आज त्याच्या अलीकडे धाराशिव जिल्हा आहे आणि पलीकडे सोलापूर. पूर्वी अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे इंग्रजाचं. निजामाच्या राज्यात आमच्या माणसाच्या हातात बंदूक कोण देणार? म्हणून पलटणीत नाव घालायचं असेल तर हा दगड ओलांडून बार्शी गाठावी लागे.

पहिला ओलांडून गेला तो सोननाक. त्याला किती वर्षं झाली ते नेमकं कोणी सांगू शकत नाही. कंपनी सरकारचा काळ होता एवढंच माहीत आहे. त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ गेला, मग मेहुणा, मग पुतणे. अशी या एका गावातून एकाच पलटणीत एकोणतीस माणसं गेली. माझे मालक नायक पिराजी सरवदे हे एकोणतिसावे.

पलटण तीनदा उभी राहिली आणि दोनदा मोडली. पहिल्यांदा मोडली तेव्हा सरकारनेच हुकूम काढला होता की या लोकांची भरती आता नको. त्या वेळी गावचा गोंदनाक पलटणीत जमादार होता. तो अकरा माणसं घेऊन चालत परत आला. मार्च महिन्याची शेवटची तारीख होती आणि दुपारचे बारा वाजले होते. घरी न जाता त्याने सगळ्यांना या दगडाच्या पलीकडे, इंग्रजाच्या हद्दीत, एका रांगेत उभं केलं आणि गिनती घेतली. गिनती म्हणजे पलटणीतली रोजची हजेरी. नाव पुकारायचं, त्याने 'हजर' म्हणायचं. मग तो म्हणाला, "पलटण सरकारनं मोडली. गिनती सरकारची न्हाय, आपली हाय. ती मोडायची न्हाय."

दर साली त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच जागी ती होत राहिली. माणसं एकेक करून मेली, पण नाव गळलं नाही. मेलेल्याचं नाव आलं की त्याच्या घरचं माणूस दगडाच्या अलीकडून 'हजर' म्हणायचं. ज्याच्या घरचं कोणी उरलं नाही त्याच्यासाठी सगळे मिळून म्हणायचे. पुढे पहिल्या मोठ्या लढाईत सरकारला माणसं कमी पडली तेव्हा पलटण पुन्हा उभी केली, लढाई संपल्यावर पुन्हा मोडली. दुसऱ्या मोठ्या लढाईत ती तिसऱ्यांदा उभी राहिली, ती आजवर आहे. सरकारी कागदात मधल्या वर्षांची भोकं आहेत. आमच्या गिनतीत एकही वर्ष रिकामं नाही.

छप्पन साली आम्ही बुद्धाच्या वाटेला लागलो. मरीआईचं बोकड बंद झालं, अंगात येणं बंद झालं, देव्हाऱ्यातले टाक सासऱ्यांनी नदीत सोडले. गिनती तेवढी राहिली. कोणीतरी तेव्हाही विचारलं होतं, ही पण सोडायची का. सासरे म्हणाले, "हितं देव न्हाय, नवस न्हाय, भगत न्हाय. नाव पुकारायचं आन हजर म्हणायचं. ह्यात सोडायचं काय?"

सासऱ्यांच्या मागे गिनती पिराजी घ्यायचे. एकोणतीस नावं त्यांना तोंडपाठ होती, अर्थात स्वतःचं सोडून अठ्ठावीसच ते घ्यायचे. पलटण पुन्हा उभी राहिली तेव्हापासून जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही असा कडक नियम होता. त्याचं कारण मला नातवामुळे कळलं. अमृत हा माझा नातू. त्याचे आईबाप पुण्याला कंपनीत असतात. तो लहानपणापासून माझ्याजवळच वाढला. तो भरती झाला, शिकून तयार झाला आणि पहिल्यांदा वर्दी घालून घरी आला तेव्हा मी पिराजींना म्हटलं होतं, "यंदा आपल्या अमृतचं नाव घ्या की शेवटाला."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "जित्याचं नाव हितं घ्यायचं नसतं. त्याची गिनती तिकडं रोज होती. एक माणूस दोन गिनत्यांत उभा ऱ्हात न्हाय."

"आन ऱ्हायला तर?"

"तर तिकडं कमी पडतो," ते म्हणाले आणि उठून गेले.

पिराजी गेल्याला सहा वर्षं झाली. पलटणीतलं दुसरं कोणी गावात राहिलं नव्हतं, म्हणून गिनती माझ्याकडे आली. मी चाळीस वर्षं ऐकत आले होते, मला ती पाठ होती. त्या वर्षी मी नवऱ्याचं नाव पहिल्यांदा तोंडाने घेतलं. लग्नापासून कधी घेतलं नव्हतं. नायक पिराजी सरवदे. अमृत रजेवर होता, त्याने 'हजर' म्हटलं. मला वाटलं होतं लाज वाटेल, पण नाव घेताना पाठ आपोआप ताठ झाली.

आता यंदाचं सांगते.

फेब्रुवारीत अमृतचा फोन आला. तो वर बर्फातल्या चौकीवर होता. म्हणाला, "आजी, पलटणीचा इतिहास छापायचा चाललाय. सुभेदार साहेब म्हणले, तुज्या गावची नावं लई जुनी हायेत म्हणं, लिहून आण. तू सांग, गौरी लिहिल."

गौरी म्हणजे त्याची बायको. अंगणवाडीत काम करते. तिला तेव्हा चौथा महिना लागला होता. मी म्हटलं, गौरी कशाला, मीच लिहीन. अक्षरं मी बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात शिकले आणि तेव्हापासून सवय मोडू दिली नाही. दोनशे पानी वही आणली. तीन दिवस लागले. सोननाक शिपाई, मग पुढचे, हुद्द्यासकट, एका ओळीत एक. एकोणतीस ओळी भरल्या. तिसावी ओळ रिकामी होती. ती मला बघवेना. एवढी मोठी वंशावळ आणि खाली मोकळं. मी त्या ओळीवर लिहिलं, लान्स नायक अमृत सरवदे.

नियम मला माहीत होता. पण लिहिणं म्हणजे पुकारणं नव्हे, असं मला वाटलं. निजामापासून आजवर कागदावर आमची नावं कितीदा लिहिली आणि कितीदा खोडली, त्याने कधी कोणाचं काही झालं नव्हतं. गौरीने पानाचा फोटो काढून अमृतला पाठवला. वही फडताळात राहिली.

मार्चच्या शेवटी माझा घसा बसला. जवळच्याला ऐकू जाईल एवढाच घोगरा आवाज निघे. गिनतीला माझे चुलतदीर बलभीम भावजी उभे राहिले. ते एसटीत कंडक्टर होते, आता पेन्शनीत आहेत. त्यांना नावं पाठ नव्हती, म्हणून मी वही त्यांच्या हातात दिली. शेवटची ओळ माझ्या डोक्यातच आली नाही. खरंच आली नाही.

"भावजी, तिकिटं फाडल्यागत वाचू नका," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"वैनी, पंचवीस वर्सं बार्शी-भूम केलीय. एकबी पॅशिंजर सोडला न्हाय, तुमची नावं सोडीन व्हय?"

आम्ही पंधरा-वीस जण होतो. ऊन डोक्यावर होतं, सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. गौरी अमृतला पाठवायला मोबाइलवर चित्रण करत होती. भावजींनी दगडाकडे तोंड करून एकेक नाव वाचलं. ज्याचं त्याने 'हजर' म्हटलं. पिराजींचं नाव आलं तेव्हा गौरीने म्हटलं. मी चप्पल घालायला वाकले, आणि भावजींनी त्याच सुरात पुढचं वाचलं.

"लान्स नायक अमृत सरवदे."

"हजर!"

छातीतून आलेला, ठणठणीत आवाज. भावजींनी वही मिटली. लोक एकमेकांना जय भीम करून पांगले. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मी मात्र वाकलेलीच राहिले, मला कमरेतून उठता येईना.

घरी येताना गौरी म्हणाली, "आजी, ह्यांच्यासाठी हजर कोण म्हणालं हो? आवाज अगदी ह्यांच्यागत होता."

"भावजींचा थोरला आसंल," मी म्हटलं.

भावजींचा थोरला त्या दिवशी लातूरला होता. मी संध्याकाळपर्यंत घरोघर जाऊन विचारलं. ज्याला त्याला वाटत होतं की दुसरं कोणीतरी म्हणालं. मग गौरीच्या मोबाइलवर आम्ही चित्रण लावलं. एकोणतीस वेळा 'हजर' जवळून ऐकू येत होतं, मोबाइलच्या आजूबाजूने. तिसाव्या वेळी ते समोरून आलं, वाऱ्याबरोबर. समोर दगड होता आणि दगडापलीकडे रिकामं रान. पलीकडचं वाळलेलं गवत मात्र एका सरळ रेषेत दबलं होतं, माणसं रांगेत उभी असावीत तसं. गौरीने मोबाइल पालथा ठेवला आणि चूल पेटवायला गेली. गॅस असताना ती चूल पेटवत बसली.

त्याच दिवशी अमृतचा फोन आला. हसतच बोलत होता. "आजी, आज गंमत झाली. दुपारच्या गिनतीला म्या हजर म्हणलो, तर गिनती घेणाऱ्या उस्तादाला ऐकूच आलं न्हाय. पुन्हा म्हणलो, पुन्हा न्हाय. शेजारचा म्हणतो, तू तोंड हालवतोयस नुसता. माणसं मोजली तर एक कमी. मी हितं त्याच्या म्होरं उभा, आन एक कमी!"

"घसा बसला आसंल," मी म्हटलं. माझा आवाज तेवढ्यात कसा कोण जाणे परत आला होता.

"घसा कशाला? तुज्याशी बोलतोय की."

दुसऱ्या दिवशी मी वहीतलं त्याचं नाव खोडलं. एक रेघ मारली, मग दुसरी, मग पेन दाबून ओळ काळी केली. बारा वाजता एकटी दगडापाशी गेले आणि तोंडपाठ एकोणतीस नावं घेतली, उत्तरंही मीच दिली. पिराजींच्या नावावर थांबले आणि वही छातीशी धरली. चांगला वेळ गेला. रानात पाखरू बोलत नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

"हजर," दगडापलीकडून अमृत म्हणाला. या वेळी हळू, थकलेला. न पुकारता.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. "आजी, आजबी एक कमी. डॉक्टरनं घसा बघितला, काय न्हाय म्हणतो. आन उद्या पहाटं म्होरच्या चौकीवर निघायचंय. दहा जण, एका दोरीत. धुकं आलं की म्होरचा दिसत न्हाय, मग उस्ताद थांबतो आन ज्यानं त्यानं आपला नंबर वरडायचा. मी दहावा."

"शेवटचा कशाला?"

"उस्ताद म्हणला, तुजा आवाज मोठा हाय." मग म्हणाला, "आवाज मोठा व्हता."

"नंबर ऐकू आला न्हाय तर?"

"थांबून हुडकतात. पर वारा आसला तर किती थांबणार? बाकीचे नऊ गोठायचे."

"अमृता, उद्या जाऊ नको."

"आसं कुठं आसतं व्हय आजी? पलटण हाय ती, आपलं रान न्हाय." मग फोन तुटला.

मी तशीच बलभीम भावजींकडे गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते रागावले.

"वैनी, आपण बुद्धाची माणसं. हे भुताखेताचं काय काढलंत?"

"भूत न्हाय भावजी. गिनती हाय."

मी गौरीचा मोबाइल नेला होता. त्यांनी चित्रण एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावलं नाही, मोबाइल खाटेवर ठेवला. "म्या वाचलं त्ये नाव," ते म्हणाले.

"लिहिलं म्या."

"मग खोडा की."

"खोडलं. तरी उभा हाय त्यो."

भावजींच्या सुनेने चहा आणून ठेवला, तो निवला. मला पिराजींची एक गोष्ट आठवत होती. एकाहत्तरच्या लढाईत त्यांना एका पुलावर पहाऱ्याला उभं केलं होतं. चार तासांनी बदली यायची होती, ती दोन दिवस आली नाही. ते दोन दिवस उभे राहिले. मी विचारलं होतं, निघून का नाही आलात. तेव्हा ते म्हणाले होते, "बदली आल्याबिगर पहारेकरी जागा सोडत न्हाय. त्याचा बाप येऊन बोलवू दे."

"भावजी," मी म्हटलं, "त्याचं नाव पुकारून त्याला उभं केलंय. आता खोडून त्यो हालणार न्हाय. बदली पायजे."

ते खाटेवरून उठले. मग म्हणाले, "मग मी जातो. चूक माजी हाय."

"तुमी कंडक्टर. तुमची गिनती डेपोत."

"आन तुमी कुठं पलटणीत व्हता?"

"सरकारनं पलटण मोडली, तवा पलटण कुठं व्हती भावजी? बॅरेकीत न्हवती, कागदावर न्हवती. गोंदनाकाच्या गिनतीत व्हती. गिनती राखणारा पलटणीतला धरला तरच सोननाकापासून अमृतपतूर वंश एक हाय, न्हायतर तीन येगळ्या पलटणी. सहा वर्सं कोण राखतंय?"

भावजी निवलेला चहा उचलून एका घोटात प्यायले आणि म्हणाले, "उद्या मी रानातल्या लिंबाखाली थांबतो. लांब. पर थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, पांढरं लुगडं नेसले. गौरीला सांगितलं रानात जाऊन येते. ती म्हणाली, "उन्हाचं कशाला?" आणि पुढे काही विचारलं नाही, पण दारात उभी राहून बघत होती. दगडापाशी पोचल्यावर मी वही उघडली. खोडलेल्या ओळीच्या खाली जागा होती. तिथे लिहिलं, सरुबाई पिराजी सरवदे. हुद्दा काय लिहावा कळेना. तो सोडून दिला.

सावली पायाखाली आली. मी पहिलं नाव घेतलं.

"शिपाई सोननाक."

कालच्यासारखं उत्तर मीच देणार होते. तोंड उघडलं तोच पलीकडून आलं, "हजर." जाड, दगड घासल्यासारखा आवाज. मग दुसरं नाव, दुसरा आवाज. जमादार गोंदनाकाचा आवाज बारीक होता. मला तो नेहमी भारदस्त वाटत आला होता. अठ्ठावीस नावं, अठ्ठावीस आवाज, आणि प्रत्येक आवाजानंतर टाचा जुळल्याचा ठोका. गवत हलत नव्हतं. मी नजर वहीतून वर काढली नाही.

"नायक पिराजी सरवदे."

"हजर."

सहा वर्षांनी तो आवाज कानावर आला. खोकला दाबून बोलायची त्यांची सवय होती, ती तशीच होती. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. गौरीला दिवस गेलेत हे सांगायचं होतं. पण गिनतीत हजर शिवाय दुसरं बोलायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी वही मिटली आणि दगडाच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"थम! कौन आता है?"

अमृतचा आवाज. ज्या आवाजाने तो मला भाकरी मागायचा तोच, पण त्यात ओळख नव्हती. मी त्याची कोणीच नव्हते.

"बदली," मी म्हटलं.

"नाम?"

"सरुबाई पिराजी सरवदे."

रांगेतल्या एकोणतीस माणसांनी ते नाव ऐकलं होतं आणि त्यांचं ठरत नव्हतं, असं मला वाटलं. बाईचं नाव त्या रांगेत कधी आलं नव्हतं. मग डाव्या टोकाकडून, जिथे सोननाक उभा असणार, एक टाच जुळल्याचा ठोका आला. मग दुसरा. मग रांगभर.

"आगे बढ़."

मी दगडाच्या बाजूने पलीकडे गेले. जाताना माझ्या उजव्या खांद्याला घासून कोणीतरी अलीकडे आलं. एप्रिलच्या उन्हात लुगड्याचा खांदा बर्फासारखा गार पडला आणि ओला झाला. मी वळून बघितलं नाही. दगडाकडे तोंड करून उभी राहिले, वही उघडली आणि शेवटची ओळ वाचली. मग त्या नावाला मीच उत्तर दिलं.

"हजर."

ओठ हलले ते मला कळलं. आवाज माझ्या कानाला आला नाही.

गिनती घेणारी मीच, म्हणून रांगेचं विसर्जनही मीच केलं आणि अलीकडे आले. लिंबाखाली भावजी उभे होते, घामाने भिजलेले. म्हणाले, "वैनी, तुमी एकट्याच व्हता. एकट्याच उभ्या राहून मान हालवत व्हता. एवढा टाइम काय बोलत व्हता, मला कायबी ऐकू आलं न्हाय." मग त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

अमृतचा फोन तिसऱ्या दिवशी आला. गौरीने स्पीकर लावला. "गौरी, मरतामरता वाचलो. धुकं आसं, की माजा हात मला दिसंना. उस्तादानं दोनदा मोजलं, नऊच. मी घसा फाडून वरडतोय, दोरी वढतोय, आन म्होरचे म्हणतायत शेवटची दोरी रिकामी हाय, चला. तिसऱ्यांदा मोजलं आन मी दस म्हणलो, तर उस्ताद दचकून वळला. बाराचा सुमार व्हता. आता आवाज चांगला हाय बघ, येतोय का?"

"येतोय," गौरी रडत हसत म्हणाली.

"अमृता," मी म्हटलं, "जेवलास का?"

"गौरी, आजी कुठं हाय?"

"ह्या काय, बोलतायत की तुमच्याशी."

"मला कुठं ऐकू येतंय? आजी! हॅलो! आजी?"

मी तीनदा ओ दिली. गौरी एकदा फोनकडे बघत होती आणि एकदा माझ्याकडे.

गौरीला तेव्हा माझं बोलणं ऐकू येत होतं. आठवड्याभरात तिला अर्धं ऐकू यायला लागलं, मग तेही थांबलं. चौदा एप्रिलला जयंतीच्या जेवणावळीत भावजींनी पंगत मोजून पत्रावळ्या टाकल्या, आणि मी पंगतीत बसलेली असताना एक कमी टाकली. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी स्वतःची पत्रावळ उचलून माझ्यापुढे ठेवली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उठत नाही. पण तो आधीही उठत नव्हता, त्याचं मी मनावर घेत नाही. मला भूक लागते, झोप येते, भाकरी थापता येते. लोकांना मी दिसते. मोजायला गेलं की मात्र सुटते. आणि बारा वाजले की कुठेही असले तरी टाचा जुळतात.

लिहिलेलं मात्र उमटतं. म्हणून हे सगळं त्याच वहीत, नावांच्या पुढच्या पानावर लिहिलं आहे.

अमृता, तुझी रजा मंजूर झाल्याचं गौरीने सांगितलं. तू आलास की आधी एक काम कर. फेब्रुवारीत पाठवलेल्या फोटोत तिसावं नाव तुझं आहे. ते छापलं तर कोणीतरी, कुठेतरी, कौतुकाने मोठ्याने वाचेल. सुभेदार साहेबांना सांगून ते काढायला लाव. त्या जागी माझं नाव ते घालतील की नाही मला माहीत नाही. नाही घातलं तरी चालेल. आपल्या वहीत ते आहे.

पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटच्या तारखेला गिनती बलभीम भावजी घेतील. त्यांना सांग, शेवटची ओळ सोडू नका. ती आली की तू दगडाच्या अलीकडून 'हजर' म्हण, तुझा आवाज मोठा आहे. जुलैत घरात जे लेकरू येईल त्याला गिनतीला आण, पण त्याचं नाव या वहीत लिहू नकोस, पुढे त्याने किंवा तिने वर्दी घातली तरी नको.

घरी आलास की तू नेहमीसारखी फाटकातूनच हाक मारशील. मी ओ देईन. ऐकू आली नाही तर आत ये. मी चुलीपाशी असेन, आणि ही वही फडताळात, खालच्या खणात आहे.